कोकणचा मतदार आणि आपण बाहेरचे कोकणी

निवडणूक लोकसभेची असो की विधानसभेची, आपल्या माधव नगरात आणि फ्रीगंजात राहणाऱ्या मराठी घरांत एक गंमत दिसते. उज्जैनचा उमेदवार कोण यावर पाच मिनिटं बोलणं होतं आणि कोकणात कोण निवडून येणार यावर पाऊण तास. मत इथे, मन तिथे. माझंही तसंच आहे. आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत राजापूर तालुक्यातून इकडे आले. वडील इथेच जन्मले, मीही इथलाच. बी.कॉम. झालो आणि सगळी नोकरी बँकेत, माळव्यातच काढली. पण घरात आमसुलं आणि कुळीथ संपले की अजूनही गावाकडून येतात.

आज लिहायचं आहे ते कोकणातल्या आपल्या मतदारसंघाबद्दल, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्ग. कोणता पक्ष चांगला हे सांगायला मी बसलेलो नाही. आकड्यांचा माणूस आहे, आकड्यांवरून जे दिसतं ते सांगतो आणि शेवटी माझं मत मांडतो. पटलं नाही तर मोकळेपणाने लिहा.

आधी थोडा इतिहास, कारण तरुण मंडळींना हे माहीत नसतं. आज ज्याला रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणतात त्यातला बराचसा भाग २००८ पर्यंत 'राजापूर' नावाने ओळखला जायचा. १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा तिथून बॅ. नाथ पै निवडून आले. ते मूळचे वेंगुर्ल्याचे, प्रजासमाजवादी पक्षाचे. जानेवारी १९७१ मध्ये ते अकाली गेले. त्यानंतर प्रा. मधु दंडवते १९७१, ७७, ८०, ८४ आणि ८९ असे सलग पाच वेळा निवडून आले. म्हणजे ३४ वर्षं हा मतदारसंघ दोन समाजवाद्यांच्या हाती होता. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, तेव्हासुद्धा राजापूरने दंडवत्यांनाच पाठवलं.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की दंडवते कोकणातले नव्हतेच. जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याची. गावात भावकी नाही, जातीची मतपेढी नाही, पैसा तर नाहीच नाही. ज्या भागात खोताच्या वाड्यापुढून जाताना कुळाने वहाणा हातात घ्यायच्या अशी रीत होती, त्या भागाने हा माणूस निवडला. खोती मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. कायदा व्हायला पुढे स्वातंत्र्य यावं लागलं. कुणबी, भंडारी, गाबीत, मराठा, बौद्ध, मुसलमान, ब्राह्मण, सारस्वत अशी सरमिसळ वस्ती आहे आपली. एकाच जातीच्या जोरावर तिथे लोकसभा जिंकता येत नाही.

१९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत आले आणि समाजवादी पर्व संपलं. १९९६ ते २००४ या काळात चार निवडणुका शिवसेनेकडून सुरेश प्रभूंनी जिंकल्या. ते चार्टर्ड अकाउंटंट आणि सारस्वत बँकेचे माजी अध्यक्ष, त्यामुळे आम्हा बँकवाल्यांना त्यांच्याबद्दल जरा जास्तच जिव्हाळा. २००९ मध्ये काँग्रेसचे नीलेश राणे, २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत, आणि २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे.

लोक विचारतात, समाजवादी कोकण एकदम शिवसेनेचं कसं झालं? माझ्या मते कोकण फारसं बदललं नाही, मुंबई बदलली. कोकणचं राजकारण नेहमी मुंबईहून यायचं, मनीऑर्डरसारखं. गिरणीत संप, युनियन, सेवादल होतं तेव्हा चाकरमानी ते विचार घेऊन गणपतीला गावी जायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, युनियन गेली, वॉर्डात शाखा राहिली. मग चाकरमानी शाखेचा विचार घेऊन गावी जायला लागला. घरी पैसे कोण पाठवतो, त्याच्या शब्दाला वजन असतं. हे मी बँकेच्या काउंटरवर आयुष्यभर पाहिलेलं आहे.

आता आकडे.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. दोन्ही जिल्हे मिळून दहा वर्षांत एक लाख माणूस कमी. ना दुष्काळ, ना साथ. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला आणि ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी. आपला उज्जैन जिल्हासुद्धा १६ टक्के वाढला.

दुसरा आकडा बायकांचा. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आणि सिंधुदुर्गात १०३६. उज्जैन जिल्ह्यात हाच आकडा ९५५ आहे. भाषणांत कोकणच्या या आकड्याचं कौतुक होतं. मुलींना जगू देतात, शिकवतात, ही खरोखरच अभिमानाची गोष्ट आहे. पण ११२२ या आकड्याचा दुसरा अर्थ असा की कमावते पुरुष घरी नाहीत. आमच्या गावच्या वाडीत बारा घरं आहेत. पाच कुलूपबंद, चार घरांत एकेकटी म्हातारी. उरलेल्या तीन घरांत काय ती जाग.

माणसं कमी झाली की खासदार-आमदारही कमी होतात. २००८ च्या फेररचनेत हेच झालं. ती २००१ च्या जनगणनेवर बेतलेली होती. आधी राजापूर आणि रत्नागिरी असे दोन खासदार होते. आता चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून एक खासदार, आणि दापोली-गुहागर रायगडला जोडलेले. विधानसभेत दोन जिल्ह्यांचे मिळून ११ आमदार होते, ते आठ झाले. खेड, संगमेश्वर, मालवण, देवगड, वेंगुर्ला ही नावं मतदारसंघांच्या यादीतून गेली. त्याच वेळी ठाणे जिल्ह्यात दोनाचे चार खासदार झाले. ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर. आणि ठाण्या-कल्याणच्या चाळींत राहतो कोण? आपलाच माणूस. म्हणजे कोकणचा खासदारसुद्धा चाकरमानी झाला म्हणायचं!

या जोडकामाचा परिणाम २०२४ च्या निकालात स्वच्छ दिसतो. सिंधुदुर्गातल्या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत राणे पुढे होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही क्षेत्रांत राऊत. एकूण नऊ लाखांच्या आसपास मतदान, त्यात राणे सुमारे ४८ हजारांनी आले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पासून वेगळा आहे, लोकांच्या सवयी, कचेऱ्या, पुढारी सगळे वेगळे झाले, आणि मग दोघांना एका दाव्याला बांधलं.

पुढची जनगणना २०२७ ची आहे. तिच्यानंतर पुन्हा फेररचना होणार. दक्षिणेकडची राज्यं आत्तापासून ओरडताहेत की आम्ही कुटुंब लहान ठेवलं त्याची शिक्षा आम्हाला का. कोकणाचं दुखणं अगदी तेच आहे, पण ओरडायला तिथे माणूस नाही. केरळला निदान स्वतःची विधानसभा आहे. कोकण महाराष्ट्रातच राहणार, त्यामुळे त्याची वजाबाकी घरातल्या घरात होते आणि बाहेर कुणाला कळतही नाही.

आता मुद्द्याचं. यावर उपाय म्हणून बाहेरची मंडळी एक गोष्ट सुचवतात. परवा एका लग्नात इंदूरच्या एका गृहस्थांनी तावातावाने सांगितलं, "आपल्याला गावात मत द्यायचा हक्क मिळाला पाहिजे. घर आहे, जमीन आहे, कुलदैवत आहे, मग मत का नाही?" ऐकायला बरं वाटतं. पण कायदा काय म्हणतो ते पाहा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात साफ लिहिलंय की एखाद्या मतदारसंघात घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. आणि एका वेळी दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही.

गंमत म्हणजे २०१० च्या दुरुस्तीने परदेशात राहणाऱ्या नागरिकाला पासपोर्टावरच्या पत्त्यावर नाव नोंदवायची सोय झाली. तिकीट काढून मतदानाला यायचं एवढीच अट. म्हणजे दुबईचा रत्नागिरीकर रत्नागिरीत मत देऊ शकतो, मुलुंडचा नाही. निवडणूक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात देशातल्या स्थलांतरितांसाठी दुरून मतदान करायच्या यंत्राचा नमुना जाहीर केला होता, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ बसतील असा. पक्षांनी शंका काढल्या आणि गाडी तिथेच थांबली. जो सहा महिने बोटीवर किंवा आंब्याच्या हंगामापुरता बाहेर जातो, त्याच्यासाठी असं यंत्र यायलाच हवं असं मला वाटतं.

पण आपल्यासाठी? नको. माझं स्पष्ट मत आहे, आपल्याला तिथे मत नसावं. जैतापूरच्या अणुप्रकल्पावर, नाणार-बारसूच्या रिफायनरीवर इथे टॉवर चौकात उभं राहून दोन्ही बाजूंनी बोलणं फार सोपं आहे. एप्रिल २०११ मध्ये साखरीनाट्याला गोळीबारात माणूस गेला तो तिथला. मासळी गेली तर चूल विझणार तीही तिथलीच. आणि प्रकल्प आला नाही म्हणून पोरगा मुंबईची गाडी धरणार, तोही तिथलाच. भोगणारा जो, त्याचंच मत. आपण उज्जैनच्या पाण्यावर वाढलो, क्षिप्रेच्या घाणीवर आपण आपल्या नगरसेवकाला धरलं पाहिजे. आपल्या आधी कोकणातून आलेल्यांनी हेच केलं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर मूळचे कोकणपट्टीतले सारस्वत. त्यांनी महाकाळाचं मंदिर पुन्हा उभं केलं. जिथे राहिले तिथलं काम केलं.

मग बाहेर राहून आपण कोकणासाठी काहीच करू शकत नाही का? करू शकतो. मतपत्रिकेवर आपलं नाव नसलं तरी एका कागदावर ते आहे, आणि तिथे ते अडून बसलंय. तो कागद म्हणजे सातबारा.

कोकणातला सातबारा ज्याने पाहिला असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल. एक एकर वरकस जमीन आणि नावं पंचवीस-तीस. आमच्या गटावर ३१ नावं आहेत. त्यातली ९ माणसं हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. सहा जण मुंबई-ठाण्यात, चार पुण्यात, आम्ही सात जण मध्य प्रदेशात, दोघं परदेशात. गावात राहून प्रत्यक्ष जमीन सांभाळणारं घर एक, माझ्या चुलतभावाच्या मुलाचं.

या पुतण्याने काजू फोडायचं छोटं युनिट घालायचं ठरवलं. मुलगा हुशार, डिप्लोमा झालेला, मुंबईत चार वर्षं राहून मुद्दाम परत आलेला. अन्नप्रक्रियेसाठी केंद्राची योजना आहे, त्यात ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. प्रकल्प अहवाल माझ्याकडे पाठवला, मी तो नोकरीत तपासायचो तसा तपासला. धंदा बसत होता, हप्ता निघत होता. छोट्या उद्योगाला ठरावीक रकमेपर्यंत तारण मागायचं नाही असाही नियम आहे. मग अडलं कुठे? शेड कुठल्या जागेवर उभी करणार, या एका प्रश्नावर. जागा सामाईक. सहहिस्सेदारांची संमती आणा म्हणाले. बँकवाल्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या खुर्चीवर मी असतो तर मीही तेच विचारलं असतं. उद्या एखादा हिस्सेदार कोर्टात गेला तर शेडला टाळं आणि कर्ज थकीत.

पुतण्याने पत्रं पाठवली, फोन केले, आठ महिने गेले. ३१ पैकी १४ सह्या झाल्या. आमच्या घरातल्या सातांपैकी चार. माझी आहे. बाकीचे म्हणतात, "कागदावर सही केली की गाव सुटलं." आमच्या वहिनी तर रडल्या. म्हणाल्या, "भाऊजी, नाव तेवढं राहू द्या. पोरांना सांगायला काहीतरी हवं ना." वहिनींचं दुःख खोटं नाही. त्या लग्न होऊन या घरात आल्या आणि दर तीन वर्षांनी न चुकता देवीच्या गोंधळाला गावी गेल्या. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, घालणारही नाही.

पण बाकी मंडळींना माझा प्रश्न आहे. आपलं नाव कागदावर राहावं म्हणून गावातल्या शेवटच्या मुलाने गाव सोडायचं का? तो गेला की त्या ३१ नावांचं करायचं काय? गवत वाढेल, गडगे पडतील, आणि एक दिवस कुणीतरी दलाल एकेकाला गाठून एकेक हिस्सा गोळा करेल. तेव्हा मात्र सह्या पटापट होतील, कारण समोर चेक असेल. पुतण्याला फुकट नको आणि दलालाला विकत चालेल, हा हिशेब मला तरी जमत नाही.

बँकेत आम्ही जिल्ह्याची तब्येत एका आकड्यावरून ओळखायचो. शंभर रुपये ठेवी आल्या तर त्यातले कर्ज म्हणून तिथेच किती वाटले. हे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली गेलं की जिल्ह्यात उपसमिती बसते. कोकणात ठेवी कधीच कमी नव्हत्या. मुंबईचा, आखाताचा पैसा तिथल्या शाखांत पडून असतो. कर्ज घ्यायलाच माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याचा कागद मिळत नाही. मग त्याच ठेवी फिरून मुंबई-ठाण्यात कर्ज म्हणून जातात, तिथे रोजगार होतो आणि त्या रोजगारामागे कोकणचा मुलगा जातो. लोकसंख्या घटते, मतदार घटतो, आमदार घटतो. या साखळीतली बरीच कडी सरकारच्या हातात आहे, मुंबई-गोवा रस्त्याचं काम २०११ पासून चाललंय त्यावर मी काय बोलणार. पण सातबाऱ्याची कडी आपल्या हातात आहे.

लोकांना भीती का वाटते तेही मी जाणतो. १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा बाहेर नोकरीला असलेल्या कित्येक घरांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. तो कायदा न्याय्यच होता, कसणाऱ्याला ती मिळायलाच हवी होती. पण त्याची धास्ती अशी बसली की आज सख्ख्या पुतण्यालासुद्धा कसायला द्यायला हात कापतो. त्यासाठी सरसकट हक्कसोड करा असंही मी म्हणत नाही. राहतं घर, देवघर आणि त्यामागचं परसू सगळ्यांचं सामाईक ठेवा. बाकीच्या जमिनीची महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून रीतसर वाटणी करून घ्या. नाहीतर गावात राहणाऱ्याला मुदतीचा नोंदणीकृत करार करून द्या, अटी घालून. निदान मेलेल्यांच्या जागी वारसांची नोंद तरी करा, त्यासाठी कुणाचाही हक्क जात नाही.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली. नाथ पैंनी आणि दंडवत्यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांना वाटत होतं, रेल्वे आली की कोकणात धंदे येतील, माणूस परत येईल. रेल्वे आली, आणि २००१ ते २०११ मध्ये लाखभर माणूस कमी झाला. रुळांवर गाडी दोन्ही दिशांना धावते. परत येणाऱ्याला उतरल्यावर पाय ठेवायला स्वतःची जागा लागते, ती रेल्वे कशी देणार?

म्हणून मंडळी, विनंती एवढीच. या मे महिन्यात किंवा गणपतीत गावी जाल तेव्हा निवडणुकीच्या गप्पा जरूर मारा, पण जाण्याआधी आपल्या गटाचा सातबारा ऑनलाइन काढून बघा. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत, त्यातले हयात किती, आणि गावात राहतो कोण, एवढं वहीत लिहून घ्या. आपल्यापैकी ज्यांनी भावकीत वाटणी किंवा करार यशस्वी केला असेल त्यांनी खाली सविस्तर लिहावं. किती महिने लागले, कुठली कागदपत्रं लागली, कोण रुसलं आणि कसं समजलं. आमच्या १७ सह्या अजून बाकी आहेत, मला त्याचा उपयोग होईल.